काकांच्या गाडीचा सेल्फ

रामबाग, इंदूर

प्रिय बापू,

फोनवर तू म्हणालास, "ट्रक विकून टाकू या आता, धक्का मारून किती दिवस चालवणार?" तेव्हा मी गप्प बसलो. गाडी काकांची, कागद आता तुझ्या नावावर, शेवटचा शब्द तुझाच. पण शब्द देण्याआधी गाडीला नेमकं काय झालंय ते तुला नीट कळायला हवं, आणि ते फोनवर सांगण्यासारखं नाही.

तक्रार तुला ठाऊक आहे. सकाळी गाडी एका दमात लागते. चोइथराम मंडीतून कांदा भरून खंडवा रोडला गेली, भेरूघाटात तापली आणि चहासाठी इंजिन बंद केलं, की मग सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटार, कण्हत अर्धा फेरा घेतो आणि थांबतो. ड्रायव्हर आता उतार बघूनच गाडी उभी करतो. एका दुकानात सांगितलं, "बैटरी गई." दुसऱ्यात, "सेल्फ गया, नया डालो, इंजन भी टाइट लग रहा है." दोघांपैकी एकानेही मीटर हातात घेतला नाही, याचाच मला राग आला. ज्या इंजिनाला काकांनी कधी उशिरा ऑइल घातलं नाही, त्याला न तपासता टाइट म्हणायचं?

म्हणून गाडी मी ठेवून घेतली आणि बॅटरीपासून सुरुवात केली. आपली गाडी चोवीस व्होल्टची, म्हणजे बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, एकीपुढे एक जोडलेल्या. रात्रभर उभ्या गाडीवर पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. एक १२.७ निघाली, दुसरी १२.२, म्हणजे जेमतेम अर्धी. दोन्ही मिळून मोजलं तर २४.९ दिसतं आणि बघणारा म्हणतो, ठीक आहे. कारण केबिनमध्ये सापडलं. टेप आणि मोबाइलचा चार्जर बारा व्होल्टचे, आणि दोन्हींची वायर एकाच बॅटरीवरून काढलेली. ती बॅटरी रोज जास्त रिकामी होते. इंजिनावर फिरून वीज बनवणारा आल्टरनेटर मात्र दोघींना एकत्रच भरतो, त्यामुळे एक अर्धपोटी राहते आणि दुसरीचं पाणी आटत जातं. दोन्ही वेगवेगळ्या चार्ज केल्या आणि टेपसाठी चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावला. ज्याच्या ट्रकवर असा टेप लावलेला असेल त्याला हे जरूर सांग.

सकाळचा सेल्फ आणखी सुधारला, गरम गाडीची रड तशीच राहिली.

आता मुख्य गोष्ट. नुसत्या उभ्या गाडीवर मोजून सेल्फबद्दल काही कळत नाही, तो फिरत असताना मोजावं लागतं. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकामागे दगड, आणि स्टॉपची केबल एकाने खेचून धरलेली, म्हणजे डिझेल बंद राहतं आणि इंजिन लागत नाही. मग सेल्फ मारायचा आणि बॅटरीवर मीटर बघायचा. सेल्फ मंद फिरतोय पण व्होल्ट फारसे पडत नाहीत, तर बॅटरीत दम आहे, करंट वाटेत अडतोय किंवा सेल्फच्या आतले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला करंट देणारे ब्रश, संपलेत. सेल्फ मंद आणि व्होल्टही धाडकन खाली, एकोणीसच्याही खाली, तर एक तर बॅटरी लेचीपेची आहे किंवा सेल्फ नको इतका करंट ओढतोय. एवढा एक फरक लक्षात घेतला तरी लोकांचे किती पैसे वाचतील, बापू!

वाट तपासायला मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर धरलं, दुसरं सेल्फच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारला तर १.६ व्होल्ट! इथे अर्ध्या व्होल्टच्या आत दिसायला हवं. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून सगळा करंट इंजिन आणि चेसिस जोडणाऱ्या विणलेल्या अर्थिंग पट्टीतून परत येतो. त्या पट्टीच्या निम्म्या तारा तुटलेल्या, उरलेल्या हिरव्या पडलेल्या, आणि चेसिसकडच्या बोल्टखाली कुणीतरी मारलेला रंग. तीनशे अँपिअर वाहत असताना ओहमचा शंभरावा भागसुद्धा तीन व्होल्ट गिळतो. नवी जाड पट्टी लावली, रंग खरवडून लोखंड उघडं केलं, आणि आकडा ०.२ वर आला. सकाळी आता सेल्फ असा उचलतो की ऐकत राहावं.

माल भरून पुन्हा घाट केला. गाडी तापली आणि सेल्फ पुन्हा जड. या वेळी अर्थिंग चोख, पॉझिटिव्हची केबल चोख, सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या, दोन जाड बोल्टांमध्येही फरक नगण्य. बॅटरी मात्र अठरापर्यंत खाली जात होती, आणि क्लॅम्प मीटर थंड गाडीच्या मानाने कितीतरी जास्त करंट दाखवत होता. म्हणजे दोनच शक्यता उरल्या, सेल्फ अडतोय किंवा इंजिन. स्टॉप ओढून, गरम असतानाच, क्रँकच्या पुलीला लांब पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. कॉम्प्रेशनवर जड, पुढे मोकळं, अगदी जसं असावं तसं. इंजिन टाइट नाही. हे तुला कळवताना मला फार बरं वाटतंय.

मग आधी बॅटरीचा अर्थ काढून सेल्फ खाली उतरवला. शाफ्ट बोटानं हलवला तर पुढच्या बुशमध्ये, म्हणजे तो ज्यात फिरतो त्या नळीत, सरळ डुलतो. आर्मेचरवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागावर, एका बाजूला घासल्याची चकाकी, त्याच्याभोवतीच्या न फिरणाऱ्या फील्डच्या पोलवरही तशीच. तिथलं अंतर मुळात अगदी कमी असतं. बुश झिजला, त्यात तापून लोखंड फुगलं, की आर्मेचर पोलला टेकतं आणि सेल्फ स्वतःलाच ब्रेक लावतो. शिवाय मोटार वेगात फिरते तेव्हा ती स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करून करंट आवरते. वेग मेला की तो आवर जातो आणि ती बॅटरीला ओरबाडायला लागते. "बैटरी गई" म्हणणाऱ्याला दिसला तो हा परिणाम.

चांगली बातमी अशी की वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारांची वेटोळी, जळलेलं नाही, वार्निशचा करपट वास नाही. बुश नवे, कार्बन नवे, कार्बन ज्यावर घासतात तो कम्युटेटर लेथवर हलका साफ, एवढंच काम आहे. नव्या सेल्फची गरज नाही. मूळ वाइंडिंग शाबूत असताना ते टाकून बाजारातला कुठला तरी स्वस्त सेल्फ बसवणं मला पटत नाही. सेल्फ बाहेर असताना, तो ज्यात अडकून इंजिन फिरवतो ते फ्लायव्हीलचे दातही पाहिले. सहा सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक ठरावीक तीन जागांवरच थांबतं, म्हणून दात तिथेच झिजतात. आपले थोडे झिजलेत, पण पकड आहे.

ड्रायव्हरला दोन गोष्टी तूही बजाव, मालकाच्या तोंडून ऐकलं की फरक पडतो. पहिली, सेल्फ दहा सेकंदांच्या वर दाबून धरायचा नाही, मध्ये मिनिटभर थांबायचं. चार्ल्स केटरिंगनं १९१२ च्या कॅडिलॅकसाठी सेल्फ बनवला तो याच हिशेबावर, की छोटी मोटार काही सेकंद आपल्या ताकदीबाहेरचं काम करू शकते. सेकंद वाढले की ती जळणारच. दुसरी, सोलेनॉइडवर पाना टेकवून शॉर्ट मारायचा नाही. क्लीनर खाली बसून ते करतो आणि गाडी गिअरमध्ये असेल तर त्याच्याच अंगावर येते. पोरगा अठरा-एकोणीसचा आहे रे. मी त्याला हात जोडून सांगितलंय.

लोहामंडीतल्या एका जुन्या टर्नरशी बोललोय, तो बुश आणि लेथ दोन्ही करून देतो. शनिवारी मंडीतून माल उचलायचा आहे, म्हणून गुरुवारच्या आत हो किंवा नाही कळव. विकायचीच असेल तरी सेल्फ दुरुस्त करून विकू, धक्क्यावरच्या गाडीला लोक भंगाराचा भाव देतात. पण माझं मत विचारशील तर ठेव. इंजिन खणखणीत आहे, आणि इथे बघायला मी आहे.

काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, तेही लिही.

तुझा,
नाना