‘या मॉडेलला बसतो’ असं छापलेल्या वॉटर पंपाबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : जुन्या ट्रॅक्टरसाठी घेतलेला वॉटर पंप व पंखा मापात नसल्याने झालेल्या नुकसानीबाबत.

महोदय,

माझ्याकडे १९९६ सालचा, तीन सिलिंडरचा ३५ एचपी ट्रॅक्टर आहे. त्याचा वॉटर पंप (इंजिन थंड ठेवायला रेडिएटरचं पाणी फिरवतो तो) गळायला लागला आणि पंख्याच्या एका पात्याला चीर गेली, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात लातूरच्या दुकानातून तुमच्या कंपनीचा पंप आणि पंखा पक्क्या बिलावर घेतला. पंपाचे १,८५० रुपये, पंख्याचे ७२०. लोकल माल जवळपास अर्ध्या किमतीत मिळत होता. डब्यावर माझ्या ट्रॅक्टरचं मॉडेल छापलेलं होतं, वर होलोग्राम होता, म्हणून जास्तीचे पैसे मोजले.

पंप इंजिनला बसतो. बोल्टांची भोकं जुळतात, पॅकिंगही बरोबर येतं. घोळ पुढच्या बाजूला आहे. जुना आणि नवा पंप शेजारी शेजारी ठेवले तर नव्याचा हब, म्हणजे पुली आणि पंखा बसतो तो पुढचा भाग, १२ मिलिमीटर जास्त पुढे येतो. आमच्या मेस्त्रीनं क्रँकच्या पुलीपासून पंपाच्या पुलीपर्यंत लोखंडी पट्टी धरून दाखवलं : खालची पुली मागे, वरची पुढे, आणि पट्टा तिरका. शिवाय तुमच्या पंख्याचं मधलं भोक हबच्या उंचवट्यापेक्षा मोठं आहे. जुना पंखा हबवर दाबला की घट्ट बसायचा, बोल्ट लावायच्या आधी हात काढला तरी पडायचा नाही. तुमचा पंखा नुसता चार बोल्टांच्या भरवशावर राहतो, मध्य धरतच नाही.

मेस्त्रीनं काम थांबवून दुकानदाराला फोन लावला. दुकानदारानं तुमच्या प्रतिनिधीला विचारून उलट निरोप दिला, “नव्या लॉटचा पंप असाच येतो, बिनधास्त बसवा.” त्या शब्दावर बसवला. आता तोच दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. आणि कंपनी म्हणते, दुकानदाराशी बोला.

परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं तसं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय आम्ही सोयाबीन पेरत नाही. पाऊस झाला, वाफसा आला, रोटा जोडून रान तयार करायला घेतलं. दुसऱ्या तुकड्यात इंजिनमधून करकर आवाज आला आणि पुढून वाफ निघाली. काटा लाल पट्ट्यात जायच्या आत इंजिन बंद केलं, म्हणून हेड वाचलं. बॉनेट उघडून पाहिलं तर रेडिएटरच्या जाळीवर कोयत्यानं ओढल्यासारखी अर्धगोल रेघ, त्यात तीन नळ्या फुटलेल्या, आणि पंख्याच्या पात्यांची टोकं घासून चकचकीत झालेली. पंखा हातानं पुढे-मागे ढकलला तर पुलीसकट डुलत होता. नव्या पंपाचं बेअरिंग इतक्यात खिळखिळं!

तुमच्या तंत्रज्ञानं फोनवर दोन कारणं दिली. दोन्ही मला पटलेली नाहीत, ती का, ते लिहितो.

पहिलं कारण : “तुमच्याकडं बोअरचं खारं पाणी वापरतात, त्यानं पंप जातो.” मराठवाड्यातल्या बोअरचं पाणी जड असतं, हे काही तुम्ही आम्हाला सांगायला नको, चहाच्या भांड्यालाही थर बसतो. पण मी रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घातलं होतं, त्याचं बिल आहे. आणि क्षार जमतो तो नळ्यांत, इंजिनच्या पाण्याच्या वाटांत, तोही हळूहळू. बेअरिंग पाण्यात नसतंच, पाणी अडवणाऱ्या सीलच्या अलीकडे कोरड्या बाजूला असतं. ते एका अंगानं झिजलं, कारण तिरका पट्टा त्याला एकाच बाजूनं ओढत राहिला.

दुसरं कारण : “फिटरनं पॅकिंग नीट लावलं नाही, म्हणून पाणी गळालं.” पॅकिंग अजून कोरडं आहे. पाणी आलं ते पंपाच्या पोटाखालच्या बारीक छिद्रातून. ते छिद्र तुम्हीच ठेवता, सील गेलं तर पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं आणि मालकाला कळावं म्हणून. म्हणजे आधी बेअरिंग ढिलं झालं, शाफ्ट डुलला, सील गेलं, आणि मध्य न धरणारा पंखा आधीच रेडिएटरच्या जवळ आलेला होता, तो जाळीला लागला. यात फिटरचा काय दोष?

“एवढा जुना ट्रॅक्टर ठेवताच कशाला?” असंही मला ऐकवण्यात आलं. ट्रॅक्टर किती वर्षं ठेवायचा ते माझं मी बघेन. आमच्या भागात असे जुने ट्रॅक्टर गावोगाव चालतात आणि तुमच्या डब्यावर त्यांची नावं छापलेली असतात ती त्यासाठीच. हबची लांबी बदलली असेल तर पार्ट नंबर बदला, नाहीतर डब्यावर तसं स्पष्ट लिहा. दोन्ही न करता जुन्याच नंबरानं माल विकणं ही फसवणूक आहे, असं माझं मत आहे.

पंप व पंख्याचे २,५७० रुपये, रेडिएटरच्या नळ्या बदलून डाग दिल्याचे ४,२०० आणि मेस्त्रीची दुबार मजुरी ९०० मिळून ७,६७० रुपये मला परत हवेत. राहिलेलं रान शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं भाड्यानं करून घेतलं, ते भाडं मी यात धरलेलं नाही. पण प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर तेही धरीन. बिलावर तुम्ही ‘वाद आमच्या शहराच्या न्यायक्षेत्रात’ असं छापलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही लागत नाही. लातूर मला जवळ आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावं. फोनवरचं आता चालणार नाही. दोन्ही बिलं, रेडिएटरवाल्याची पावती आणि दोन्ही पंपांना पट्टी लावून काढलेले फोटो सोबत जोडले आहेत. जुना पंप मी भंगारात दिलेला नाही. नवा पंप, पंखा आणि डबाही जपून ठेवला आहे. तुमचा माणूस माप घ्यायला येणार असेल तर आदल्या दिवशी कळवावं, मेस्त्रीला बोलावून ठेवतो. माल मात्र रक्कम जमा झाल्याशिवाय हातात देणार नाही.

आपला ग्राहक,
(सही)
ता. औसा, जि. लातूर