मारुती झेनच्या हेड गॅस्केटविषयी मित्रास पत्र

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर
दि. १८ जानेवारी २०२६

प्रिय वसंता,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. पुण्याहून परतताना खंबाटकीच्या चढावर तापमानाचा काटा लाल खुणेला टेकला, बॉनेटखालून वाफ आली आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी ‘हेड गॅस्केट उडाले, अठरा ते बावीस हजार लागतील’ असे सांगितले, इथवर समजले. (हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो व खालचा ब्लॉक यांच्यामधला सील करणारा पातळ थर.) तुझे मेहुणे म्हणतात की चाळीस हजारांच्या गाडीवर एवढा खर्च करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. माझे मत आधीच सांगून टाकतो. आज दुरुस्तीही ठरवू नकोस आणि भंगारही ठरवू नकोस. हेड उतरवून पाहण्यापुरताच खर्च मंजूर कर आणि पुढचे उघडलेल्या इंजिनाकडे पाहून ठरव.

मात्र हेडला पाना लावण्यापूर्वी गॅस्केट खरोखरच गेले आहे याचा पुरावा हवा. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो असे तू लिहिले आहेस. पण जानेवारीच्या साताऱ्यात सकाळी कोणत्याही गाडीतून तो येतो, आणि इंजिन तापल्यावर थांबत असेल तर ती केवळ साठलेल्या ओलाव्याची वाफ असते. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, हेही तेवढ्यावर पुरेसे नाही, कारण गाडी रोज बाजारापुरतीच फिरत असेल तर आतली वाफ झाकणाशी गार होऊन तशीच साय धरते. डिपस्टिकवरचे, म्हणजे तेल मोजायच्या पट्टीवरचे, तेल दुधाळ आले, तर मात्र ते गंभीर आहे. त्या तेलावर इंजिन एक मिनिटही चालवू नये, कारण कूलंट (इंजिन गार ठेवणारे पाणी) मिसळलेले तेल क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगांना खाते. तेल स्वच्छ असेल तर मिस्त्रींना चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत निर्माण होणारा दाब, मोजायला सांग. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडलेला असेल, तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी जळाली असे समजावे. एकाचाच दाब कमी असेल, तर त्यात प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, आणि मग हिशेबच बदलतो. रेडिएटरच्या तोंडाशी धरायची निळ्या द्रवाची नळीही मिळते. पाण्यात जळालेला वायू शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने तो द्रव पिवळा पडतो. ही चाचणी मला सर्वांत भरवशाची वाटते, कारण ती मिस्त्रीच्या अंदाजावर अवलंबून नसते.

हे एवढे लांबवण्याचे कारण असे की गाडी तापण्याची सगळीच कारणे महाग नसतात. पंख्याचा स्विच, अडकलेला थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघडणारी झडप), गळका वॉटर पंप किंवा नुसते रेडिएटरचे झाकणसुद्धा चढावर दगा देते. ते झाकण साधारण ०.९ बारचा दाब धरते म्हणून पाणी शंभराऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळते. त्याचे रबर कडक झाले की घाटात पाणी लवकर उसळते. यांपैकीच एखाद्या कारणाने तुझी गाडी तापली असणार आणि त्या तापण्याने गॅस्केट गेले असणार. तेव्हा मूळ कारण न शोधता नुसते गॅस्केट बदलणाऱ्या मिस्त्रीकडे हे काम देऊ नकोस.

आता तुझ्या पत्रात नसलेल्या गोष्टीकडे येतो. काटा लालवर गेल्यावर गाडी किती चालली? तिथल्या तिथे बंद करून ओढून आणली असशील, तर मी दुरुस्तीच्या बाजूचा आहे. ‘माथ्यापर्यंत काढू, मग थांबू’ असे झाले असेल, तर हेड वाकल्याची शक्यता बरीच वाढते, कारण ते अ‍ॅल्युमिनियमचे आहे आणि पाणी संपल्यावर तापलेले अ‍ॅल्युमिनियम फार काळ आपला आकार धरत नाही. हे मला खरेखरे कळव. मिस्त्रींनाही खरेच सांग.

हेड उतरल्यावर त्यावर सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरपी ठेवून खालून फीलर गेजचे (फट मोजायचे) पाते सरकवून पाहतात. ०.०५ मिलिमीटरचे पाते जात नसेल तर हेड नुसते स्वच्छ करून बसवता येते. जात असेल तर फेसिंग करावे लागते, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर घासून सपाट करावा लागतो. फार घासावे लागत असेल तर मी नको म्हणेन, कारण त्याने कॉम्प्रेशन वाढते आणि वॉल्व्ह उघडण्याचे टायमिंगही किंचित सरकते. फेसिंगआधी प्रेशर टेस्ट करून घेणे अत्यावश्यक आहे. दोन वॉल्व्हच्या मधल्या जागेत केसाएवढी चीर असेल, तर नवे गॅस्केट घालूनही महिन्याभरात पुन्हा तेच होईल. चीर निघाली तर वेल्डिंगच्या नादी लागू नकोस. जुन्या बाजारातले चांगले हेड मिळत असेल तर पाहा, नाहीतर तिथेच थांब.

हेड उतरतेच आहे, तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि वॉल्व्हचे सील त्याच मजुरीत बदलून घे. या कामात सुटे भाग स्वस्त आणि मजुरी महाग असते. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच (मोजून जोर लावणाऱ्या), मधून बाहेर या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळायला हवेत. ‘हाताला अंदाज आहे’ असे म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार दे. रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद पावडर किंवा बाटली कुणी सुचवेल. तिने चीर काही दिवस बुजते हे खरे, पण रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात. गाडी विकून मोकळे होणाऱ्यांचा तो उपाय आहे, आणि तो मला सभ्य वाटत नाही.

मेहुण्यांचा हिशेब मला मान्य नाही. खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करायची नसते, तेवढ्याच पैशात दुसरे काय मिळेल त्याच्याशी करायची असते. बंद झेन भंगाराच्या भावाने जाईल. ते पैसे आणि तुझे बावीस हजार एकत्र केले तरी जी गाडी मिळेल, तिच्या इंजिनाचा इतिहास तुला ठाऊक नसेल. या झेनचा तुला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. परंतु दोन अटी आहेत. तुझी ही गाडी रत्नागिरीच्या बदलीत चार पावसाळे उघड्यावर उभी होती. पायांखालची मॅट उचलून पत्रा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहा, विशेषतः दरवाजांखालची पट्टी. तो आत गेला तर गॅस्केटचा विचार सोड. दुसरी अट कागदांची. २००४ची नोंदणी तू २०२४ मध्ये पुन्हा करून घेतलीस, म्हणजे २०२९ पर्यंत चिंता नाही. त्यानंतर मात्र वीस वर्षांवरील मोटारींसाठी २०२५ च्या ऑगस्टपासून लागू झालेले १०,००० रुपयांचे पुनर्नोंदणी शुल्क आणि वर पर्यावरण कर भरावा लागेल. तेव्हा ही दुरुस्ती तीन वर्षांच्या वापरावर भागून पाहा, त्यापुढचे वर्ष धरू नकोस. भंगारातच द्यायची ठरली, तर नोंदणीकृत केंद्रातच दे, म्हणजे तिथल्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मागता येईल आणि आरसीही रीतसर रद्द होईल.

माझी मर्यादा विचारशील तर, पत्रा धड असेल, हेडला चीर नसेल आणि एकूण आकडा पंचवीस हजारांच्या आत राहत असेल, तर करून घे. बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, ओरखडे निघाले किंवा बेअरिंगचा आवाज आला, तर हेड उतरवण्याची मजुरी देऊन बाहेर पड.

हेड उतरले की एस. टी. पार्सलने माझ्याकडे पाठव; इथे टेस्ट आणि फेसिंग समोर उभा राहून करून घेतो. सोबत जुने गॅस्केटही पाठव, मिस्त्री ते फेकून देतात. ते कुठे जळाले आहे यावरून पुष्कळ कळते. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
मधुकर