पोरीचा हात चांगलाय म्हणणाऱ्या काकांना

काका, रामराम.

तुमचं नाव घालत नाही. तुम्हीच बजावलंय की कुठं नाव घातलंस तर दारात लाईन लागंल. पण फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, जेवलासा का" म्हणून विषय बदलता, म्हणून हे इथं चारचौघांत लिहितोय, आता ऐकून घ्यावंच लागेल.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगतो, हे काका एअर पिस्तुलं तपासून दुरुस्त करतात. मी इचलकरंजीत मागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, बावीस वर्षं झाली. कुठला पिकर किती दिवस जाईल, कुठल्या गिअरचा दात झिजलाय हे मला लांबून आवाजावरनं कळतं, आणि हाच माज नडला. पोरगी दहा मीटर एअर पिस्तूल मारते. रेंजवरचं पिस्तूल चार पोरांत फिरायचं, तिला स्वतःचं पाहिजे होतं आणि नवीन घ्यायची आपली ऐपत नाही. त्यात 2024 च्या ऑगस्टमधे आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला ब्राँझ मारलं, तो रायफलवाला, पण आमच्याकडं घरटी एक पोरगं नेमबाज व्हायला निघालं आणि जुन्या पिस्तुलांचे भाव बघून वाटलं यापेक्षा जुनी बुलेट गाडी स्वस्त. शेवटी सोसायटीचं कर्ज काढून एका शहरातल्या माणसाकडनं जुनं स्टायर एलपी10 पिस्तूल घेतलं, सव्वा लाखाला.

घेताना मी काय बघितलं? मोबाईलची टॉर्च नळीत मारली, आत चकाचक. लाकडी मूठ बघितली, कुठं चीर नाही. तो म्हणाला फक्त दोन हजार शॉट झालेत आणि मी मान डोलावली, जसं काही मला कळलंच. जुनी गाडी घेताना मीटर फिरवलेला असतो हे माहीत असलेला माणूस मी, आणि पिस्तुलाला तर मीटरच नसतो!

मग सुरू झालं. मॅचला साठ शॉट असतात, दहा-दहाच्या सहा सिरीज. पोरीच्या पहिल्या चार शंभरात 93, 94 अशा जायच्या आणि शेवटच्या दोन 86, 85. दर वेळी. सगळे शॉट खाली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो हात दमतोय पोरीचा, डंबेल मारायला लावा, आणि त्यानंतर फोन उचलायचंच बंद. पिस्तूल दुरुस्त करणाऱ्या एका मास्टरनं हवा अडवणारे सगळे सील बदलले म्हणून सहा हजार घेतले आणि स्क्रूची डोकी चावल्यासारखी करून पिस्तूल परत दिलं. रेंजवरचे एक जाणकार म्हणाले मन कमकुवत आहे, मेडिटेशन करा. बघा, तीन माणसं, तिघांनी पोरीच्याच अंगावर ढकललं, आणि मी बाप असून मलाही ते पटत चाललं होतं. ती रोज पहाटे लिटरची पाण्याची बाटली भरून हात लांब करून उभी राहायची, डोळ्यात पाणी येईस्तोवर. मी चहा पीत बघत बसायचो. ह्याची लाज अजून गेली नाही.

तुमच्याकडं आलो तेव्हा पहिला प्रश्न तुम्ही विचारलात तो ही बाटली कशाला घेऊन फिरतीस म्हणून. तिनं सांगितलं. तुम्ही हुं केलंत आणि पेटी उघडलीत. मला वाटलं आता टॉर्च काढणार. तुम्ही नळीकडं बघितलंही नाही, उचललं ते खालचं हवेचं सिलिंडर. त्यावर एक छोटा तिरंग्याचा स्टिकर होता, मला तर तो बघून बरं वाटलं होतं घेताना. तुम्ही नखानं त्याचा कोपरा जरासा उचललात, परत तसाच दाबून बसवलात, आणि मान वर न करता म्हणालात, "पोरी, जरा शेजारच्या घरातनं तांब्याभर पाणी आण गं."

ती गेल्यावर स्टिकर पूर्ण काढलात आणि खालचा शिक्का दाखवलात. 2013. "दहा वर्षांचं आयुष्य असतंय ह्याचं, कंपनीनंच ठरवलेलं. तू घ्यायच्या आधीच संपलंय. स्पर्धेत कुणी तपासलं तर पोरीला लाईनवर जाऊ देणार न्हाईत." एवढंच बोललात. किती दिलेस विचारलंत, मी आकडा सांगितला, तुमचा चेहरा हलला नाही. सव्वा लाखाला फसलेला माणूस समोर बसलाय आणि त्याला एक शब्द उपदेश नाही, हे मला आजवर कुणी केलेलं आठवत नाही. आमच्यात तर दोन किलो वांगी महाग आणली तरी आठवडाभर ऐकावं लागतं.

ती पाणी घेऊन आली तेव्हा तुम्ही सिलिंडर बाजूला ठेवून आपलं स्वतःचं लावत होता, जसं काही झालंच नाही. 200 बारपर्यंत भरलेलं. ट्रकच्या टायरात असते त्याच्या वीसपटीहून जास्त हवा, म्हणून तर शिक्क्याला किंमत, हे तुम्ही तिला नंतर सांगितलंत, भरताना जवळ उभं राहायला शिकवताना. मग जोडावर साबणाचा फेस लावलात आणि आम्ही तिघं फेसाकडं बघत बसलो. एक बुडबुडा. थोड्या वेळानं दुसरा. जेवण झालं तोवर काटा खाली आलेला. मास्टरनं टाकलेली सीलची रिंग मापाचीच नव्हती.

पण खरी गंमत पुढं होती. तुम्ही पिस्तूल शिकंजात आवळलंत, म्हणजे हात नाही, मन नाही, काहीच नाही, नुसतं लोखंड, आणि भरल्या हवेवर दहा छर्रे मारलेत. कागदाला एकच भोक. मग हवा उतरवत उतरवत परत दहा. मधे ते वेग मोजायचं यंत्र ठेवलेलं, सुरुवातीला सेकंदाला 150 मीटरच्या आसपास आकडा येत होता, शेवटी शेवटी 130. कागदावर भोकं खाली सरकत गेली, टार्गेटवरचं जवळजवळ एक वर्तुळ खाली. म्हणजे आदल्या रात्री आम्ही फुल भरून न्यायचो, सकाळपर्यंत निम्मी हवा गळालेली असायची आणि शेवटच्या वीस शॉटला पिस्तुलाचाच दम संपायचा.

तुम्ही तो कागद तिच्या हातात दिलात आणि हे मात्र मोठ्यानं म्हणालात, माझ्याकडं बघत, "तुझा हात चांगलाय पोरी. शिकंजाच्या हातानंपण खालीच मारलंय बघ."

तिनं तो कागद अभ्यासाच्या टेबलावर चिकटवलाय.

मग तुम्ही नळी बघितलीत, सगळ्यात शेवटी, आणि ती पण दोन मिनिटं. मी म्हटलं काका मी तर तेवढंच बघून घेतलं होतं. तेव्हा तुम्ही हसलात, दिवसभरात पहिल्यांदा. मऊ शिशाचा छर्रा, वेग कमी, दारूचा जाळ नाही, ह्यात नळी काय झिजणार, ती पोरीला पुरून तिच्या पोरीला उरंल. मग 500 ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून तीनदा उचललंत, तिन्ही वेळा ट्रिगरनं धरलं, सुटला नाही. चावलेल्या स्क्रूवर मात्र बोट ठेवून म्हणालात, कुणी आत शिरलं होतं का हे कळायचं असलं तर आधी ह्यांची तोंडं बघायची, आणि किती शॉट झालेत ते कधी विचारायचं नाही, सगळी दोन हजारच सांगतात, विचारायचं की हवा कशानं भरत होता आणि सील कधी बदलले. मागाचं असंच आहे हो. माग किती जुना ते मालक सांगतो, तेल कोण घालत होतं ते कुणी सांगत नाही. मला हे कळायला पाहिजे होतं.

2021 ला टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन मॅचमधे बिघडलं होतं तेव्हा टीव्हीसमोर लोक तिलाच बोलत होते, मी पण बोललो असेन. यंत्राची चूक माणसाच्या माथी मारायला आपल्याला काय वेळ लागत नाही. त्याच मनूनं पॅरिसला दोन ब्राँझ आणली ते सोडा.

रिंगा बदलायचे तुम्ही तीनशे रुपये घेतलेत. मोजून, वर सुट्टे परत दिलेत. ते घेतलेत हे फार बरं केलंत काका, फुकट केलं असतंत तर परत यायला मला जड गेलं असतं. आणि एक सांगायचं राहिलंय. निघताना मी ते जुनं सिलिंडर पिशवीत टाकायला लागलो तेव्हा माझ्या मनात आलं होतं की स्टिकर परत लावून कुणाला तरी देता येईल. खरंच आलं होतं, खोटं कशाला बोलू, नव्या सिलिंडरचा पंचवीस हजाराचा खड्डा दिसत होता समोर. तुम्हाला ते दिसलं का माहीत नाही. तुम्ही माझ्या हातातनं सिलिंडर घेतलंत, उरलीसुरली हवा पूर्ण सोडलीत, झडप काढून उघडं केलंत आणि ड्रिलखाली धरून आरपार भोक पाडलंत. "आता घेऊन जा खुशाल." बास.

नवीन सिलिंडर आलं, पावतीवर, शिक्का बघून घेतला, तिनंच बघितला, मला बघू दिलं नाही. मागच्या रविवारी तिची शेवटची सिरीज 93 गेली. बाटलीनं हात धरायचा व्यायाम ती अजून करते, पण आता चहाचा कप ठेवून मी पण शेजारी उभा राहतो, माझा हात अर्ध्या मिनिटात थरथरतो आणि ती हसते.

तुमच्याकडनं परत येताना एसटीत ती बराच वेळ गप्प होती. कराड गेलं तरी गप्प. मला वाटलं झोपली. मग खिडकीकडं बघतच म्हणाली, "बाबा, काकांच्या टेबलावर माझी बाटली होती ना, ती भरलेली होती. काकांना माहीत होतं."