काविळीच्या बातमीत त्या ब्लुमबर्गलाही थोडी जागा द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

२९ जुलैच्या अंकात तालुक्याच्या पानावर जागतिक हिपॅटायटिस दिनाची बातमी वाचली (हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरची सूज, कावीळ हे तिचं लक्षण). रॅली निघाली, बॅनर धरलेल्या पोट्ट्यांचा फोटो, मग प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, सूत्रसंचालन, आभार, सगळ्यांची नावं ओळीनं. ठीक आहे, नावं छापल्याशिवाय कार्यक्रम झाल्यासारखा वाटत नाही हे मलाही कळते. पण हा दिवस २८ जुलैलाच काऊन असते एवढं तरी एका ओळीत टाकायचं ना बापा. आणि कहर म्हणजे त्याच पानावर खाली चौकटीत जाहिरात, "कावीळ कोणतीही असो, तीन दिवसांत खात्रीशीर", अन् मोबाईल नंबर. वर जनजागृती अन् खाली हे.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन होतो, आता रिटायर होऊन धानाची शेती पाहतो, म्हणून लिहितो आहे.

२८ जुलै हा बारूक ब्लुमबर्ग या अमेरिकन डॉक्टरचा वाढदिवस, जन्म १९२५, न्यूयॉर्क. हिपॅटायटिस बी चा व्हायरस यानं पकडला, रक्तात तो ओळखायची टेस्ट याच्या कामातून आली, लशीची पहिली कल्पना यानं अन् त्याचा सहकारी अर्विंग मिलमन यानं १९६९ मध्ये मांडली, १९७६ चं नोबेल मिळालं. एवढं तर मोबाईलवर कोणालाही सापडते. पण हा माणूस काविळीच्या मागं लागलाच नव्हता, त्याची सुरुवात झाली ती आपल्या भागातल्या घराघरात माहीत असलेल्या रोगापासून, म्हणजे हत्तीपायापासून (फायलेरिया), हे फार कोणी सांगत नाही.

डॉक्टरकी शिकत असताना तो दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला गेला होता, मोएंगो नावाच्या खाणीच्या गावात. त्या देशात उसाच्या मळ्यांवर राबायला आणलेले लोक, कोणी आफ्रिकेतले, कोणी जावाचे, आपल्या हिंदुस्थानातून नेलेले पण बरेच. डास तेच, जंतू तोच, पण कोणाचा पाय खांबासारखा सुजते अन् कोणाला काहीच होत नाही. हा प्रश्न त्याच्या डोक्यात बसला. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा भागात ज्यांनी फायलेरियाचं रात्रीचं रक्त गोळा केलं त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. मायक्रोफायलेरिया, म्हणजे या रोगाच्या जंतांची बारीक पिल्लं, रात्रीच रक्तात वर येतात, म्हणून आठ ते बाराच्या मधात टॉर्च अन् स्लाईडचा डबा घेऊन घरोघरी फिरावं लागते, कुत्रे मागं लागतात, लोक झोपेतून उठून शिव्या घालतात ते वेगळं. एकाच घरात बाईचा पाय सुजलेला अन् तिची स्लाईड एकदम साफ, नवऱ्याला काडीचा त्रास नाही अन् त्याच्या स्लाईडवर मायक्रोफायलेरियाच मायक्रोफायलेरिया. आम्ही रजिस्टर भरलं, गोळ्या दिल्या, पुढचं घर. त्यानं तोच प्रश्न धरून ठेवला की माणसामाणसाच्या रक्तात असा काय फरक असते की एक आजारी पडते अन् दुसरा नाही.

मग ऑक्सफर्डला जाऊन बायोकेमिस्ट्रीत पीएचडी केली (त्याआधी फिजिक्स झालं होतं, थोडं गणित पण, एका लाईनीत टिकणारा गडी नव्हता) अन् जगभरातून रक्त गोळा करायला लागला. फरक शोधायची त्याची युक्ती मला फार आवडते. ज्यांना सारखं दुसऱ्याचं रक्त चढवावं लागते त्यांच्या शरीरात परक्या रक्तातल्या गोष्टींविरुद्ध अँटिबॉडी (परक्या गोष्टीला जाऊन चिकटणारी प्रथिनं) तयार होतात, त्यानं असे हिमोफिलियाचे (रक्त लवकर न गोठण्याच्या रोगाचे) पेशंट निवडले. आपल्याकडं सिकलसेलची लेकरं घेऊन ब्लड बँकेच्या दारात बसणाऱ्या आईबापांना ही गोष्ट लवकर समजेल. टेस्ट एकदम साधी, मशीन-बिशीन काही नाही. काचेवर अगरचा (जेलीसारख्या पदार्थाचा) पातळ थर, त्यात बारीक बारीक भोकं, मधल्या भोकात पेशंटचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी), भोवतीच्या भोकांत वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचं. दोन्ही बाजू अगरमधून झिरपत एकमेकांकडं येतात अन् जिथं अँटिबॉडीला तिची जोडी मिळते तिथं पांढुरकी रेघ उमटते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया पेशंटच्या सीरमनं समोरच्या नमुन्यांपैकी फक्त एकाशी रेघ धरली, आणि तो नमुना होता ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासीचा. आधी सापडलेल्या रेघा चरबीच्या रंगानं निळ्या व्हायच्या, ही मात्र दुसऱ्या रंगानं लाल झाली, म्हणजे यात चरबी कमी, म्हणजे ही काहीतरी नवीनच भानगड. नाव ठेवलं ऑस्ट्रेलिया अँटिजन (अँटिजन म्हणजे अँटिबॉडी जिला जाऊन चिकटते ती परकी गोष्ट). त्या वेळी ब्लुमबर्गसोबत हार्वे आल्टर काम करत होता, त्यालाच पुढं हिपॅटायटिस सी च्या कामासाठी २०२० चं नोबेल मिळालं.

आता इथून पुढं माणूस कसा चुकत चुकत गेला ते बघा. आधी वाटलं की ही अनुवंशिक गोष्ट आहे. मग ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशंटमध्ये ती जास्त सापडली म्हणून वाटलं कॅन्सरशी संबंध असेल. डाऊन सिंड्रोमवाल्यांना (जन्मजात दोषामुळं ज्यांची बुद्धीची वाढ कमी होते त्यांना) ल्युकेमियाचा धोका जास्त असते म्हणून त्यांचं रक्त तपासलं, तर मोठ्या संस्थांत दाटीनं राहणाऱ्यांत भरपूर सापडली, लहान संस्थांत कमी, नवजात बाळांत नाहीच. मग जन्मजात कशी म्हणायची? १९६६ मध्ये एका मुलाचं रक्त आधी निगेटिव्ह होतं ते पॉझिटिव्ह झालं. त्याला भरती करून तपासलं तर लिव्हरच्या टेस्ट बिघडलेल्या, हिपॅटायटिस! दुसरा कोणी असता तर आपली जुनी थिअरी वाचवत बसला असता.

यानंतरचा प्रसंग लॅबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकानं वाचावा असा आहे. ब्लुमबर्गच्या लॅबमध्ये बार्बरा वर्नर नावाची टेक्निशियन होती, ती रोज हाच अँटिजन हाताळायची. १९६७ च्या एप्रिलमध्ये तिला बरं वाटेना. तिनं संध्याकाळी स्वतःचंच सीरम टेस्टला लावलं, सकाळी बघते तर फिकट पण रेघ आलेली. मग कावीळ झाली, सुदैवानं पुढं बरी पण झाली. या टेस्टनं व्हायरल हिपॅटायटिस ओळखलेली ती पहिली व्यक्ती. नोबेल साहेबांना मिळालं ते बरोबरच आहे, पण ती रेघ पहिल्यांदा स्वतःच्या नावापुढं बघितली ती टेक्निशियननं. आमच्या लाईनीतल्या लोकांचं नाव कुठं येत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं.

आजही गरोदर बाईची एचबीएसएजी टेस्ट करतात ती याच अँटिजनची, म्हणजे हिपॅटायटिस बी च्या व्हायरसच्या टरफलाची. कार्डवर सीरमचे दोन-तीन थेंब, पंधरा-वीस मिनिटं, एक रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर पॉझिटिव्ह. आणि दोन रेघा आल्या की गावात काय होते ते सांगायची सोय नाही. "ही बिमारी कुठून आणली" म्हणून सात महिन्यांच्या पोटुशा सुनेला माहेरी पाठवून दिलेलं मी पाहिलं आहे. आता तिला बहुतेक ती जन्मतानाच आईकडून आली असेल, तिच्या आईला तिच्या आईकडून, वर्षानुवर्ष काही त्रास नाही, डोळे पिवळे नाहीत, कळणार कसं? आणि नवऱ्याची टेस्ट कोणी केली का? नाही. मोठ्या माणसाला हिपॅटायटिस बी झाला तर शंभरात पंच्याण्णवच्या वर लोक आपोआप मोकळे होतात, पण बाळाला जन्मताना लागला तर शंभरातल्या नव्वद बाळांत तो मुक्काम ठोकते अन् पुढं लिव्हर सुकणं, लिव्हरचा कॅन्सर. तैवानमध्ये बीस्ली नावाच्या डॉक्टरनं बावीस हजारांवर सरकारी नोकरांवर वर्षानुवर्ष लक्ष ठेवून १९८१ मध्ये हा कॅन्सरचा संबंध पक्का दाखवला. तिथं १९८४ पासून बाळांना लस सुरू झाली अन् लेकरांमधला लिव्हरचा कॅन्सर कमी झाला.

लशीची गोष्ट पण मजेदार आहे. हा व्हायरस लॅबमध्ये वाढवताच येईना, मग लस बनवायची कशाची? तर हा व्हायरस पेशंटच्या रक्तात स्वतःची रिकामी टरफलं वारेमाप सोडते, आत जीन नाही त्यामुळं रोग होत नाही, तीच रक्तातून गाळून शुद्ध करून टोचायची असं ब्लुमबर्ग अन् मिलमननं सुचवलं. अशी लस अमेरिकेत १९८१ मध्ये मंजूर झाली. पण पेशंटच्या रक्तापासून बनवलेली लस म्हटल्यावर लोक घाबरणारच. तेवढ्यात मॉलेक्युलर बायोलॉजी पुढं गेली होती, या व्हायरसचा सगळा जीनोम (त्याच्या जीन्सचा पूर्ण मजकूर) जेमतेम ३२०० अक्षरांचा, त्यातला टरफलाचा जीन काढून यीस्टमध्ये (पावात घालतात त्या खमिरात) टाकला अन् यीस्टच टरफलं बनवायला लागलं, १९८६ पासून तीच लस. आपल्या देशात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ मध्ये स्वतःची लस बाजारात आणली, वरप्रसाद रेड्डी हा मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर त्यामागं होता. तोपर्यंत परदेशी डोसला शेकडो रुपये पडायचे, ते भाव मग उतरले. म्हणून आज उपकेंद्रात फुकट मिळते.

आता त्या जाहिरातीबद्दल. कावीळ उतरवणारे चालतात काऊन, तर पावसाळ्यात पाईपलाईन फुटून नालीचं पाणी नळात गेलं की जी कावीळ पसरते ती ए नाहीतर ई व्हायरसची, अन् ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळून २९ हजारांवर लोकांना कावीळ झाली होती, तो ई होता हे कळायलाही पुढं कित्येक वर्षं गेली. तर माळ घाला, चुन्याच्या पाण्यानं हात धुवा, नाकात पाल्याचा रस सोडा, माणूस बरा होणारच होता, नाव मात्र माळवाल्याचं. बी वाला तीच माळ घालून पिवळेपणा गेला म्हणून खुशीत घरी जाते अन् व्हायरस आत तसाच. आणि ई ची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांतल्या गरोदर बाईला झाली तर चार-पाच जणींत एक दगावू शकते, तिला माळवाल्याकडं तीन दिवस बसवून ठेवणं म्हणजे काय ते तुम्हीच समजा. जाहिरातीचा पैसा पेपरला लागते हे मान्य, पण "कोणतीही कावीळ" हे दोन शब्द तरी छापू नका.

अजून एक, बातमीत कामाच्या गोष्टी टाकत जा. हिपॅटायटिस बी चा पहिला डोस बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायचा असते, दीड महिन्याच्या लशीपर्यंत थांबायचं नसते. आपल्याकडं अजूनही कोणाची बाळंतपणं घरी होतात, कोणी "बाळ नाजूक आहे, नंतर पाहू" म्हणून डोस टाळते, आई पॉझिटिव्ह असेल तर याच २४ तासांत सगळं ठरते. अशा बाळाला लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार अँटिबॉडीचं) वेगळं इंजेक्शन पण लागते, म्हणून पॉझिटिव्ह बाईचं बाळंतपण दवाखान्यातच व्हावं, अन् हे आशाताईंना आठव्या-नवव्या महिन्यातच सांगून ठेवावं. २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा हिपॅटायटिस कार्यक्रम सुरू आहे, त्यात टेस्ट अन् औषधं फुकट आहेत. ज्यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला त्यांनी तो कपाटात न लपवता जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवावा, सगळ्यांनाच औषध लागते असं नाही, पण कोणाला लागते ते तिथं तपासूनच कळते, आणि जाताना नवरा, बायको, लेकरं सगळ्यांना टेस्टला सोबत न्यावं.

आपला वाचक,
एक जुना लॅबवाला
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर