सई, विमानाची पुस्तकं कुठल्या क्रमाने घ्यायची

सई बाळा,

रेमरचं ते जाडं पुस्तक आत्ताच ऑर्डर करू नकोस, थांब जरा. तू पाठवलेली यादी मी नीट बघितली, सगळी नावं चांगली आहेत, एकही टाकाऊ नाही, पण क्रम उलटा लागलाय, आणि तिकडे अमेरिकेत ही पुस्तकं इतकी महाग मिळतात की क्रम चुकला की पैसे जातातच पण पहिल्या शंभर पानांत उत्साहही जातो.

रेमरचं 'एअरक्राफ्ट डिझाइन: अ कन्सेप्च्युअल अ‍ॅप्रोच' १९८९ ला आलं आणि तेव्हापासून कॉलेजात तेच चालतं, पण त्यात फायटरपासून प्रवासी जेटपर्यंत सगळं आहे, तुला दोन सीटचं अ‍ॅल्युमिनियमचं छोटं विमान करायचंय तर त्यातलं बरंच तुझ्या कामाचं नाही. त्यानेच घरी विमान बांधणाऱ्यांसाठी एक बारकं पुस्तक लिहिलंय, 'सिम्प्लिफाइड एअरक्राफ्ट डिझाइन फॉर होमबिल्डर्स', ते घे, जाडं लायब्ररीत बघ.

पण सगळ्यात आधी पॅझ्मनी. लाडिस्लाओ पॅझ्मनी, पुस्तकाचं नाव 'लाइट एअरप्लेन डिझाइन'. पुस्तक पारखायची माझी एकच पद्धत आहे, त्यात एकच विमान सुरुवातीपासून शेवटपर्यंत आकड्यांसकट नेलंय का ते बघायचं. ह्या माणसाने स्वतःचं पीएल-१ तसंच नेलंय, वजन किती धरलं, पंख एवढाच का, शेपटी एवढीच का, लोड कुठून कुठे जातो, सगळं. आणि ते कागदावर राहिलं नाही बरं का, १९६२ ला उडालं आणि पुढे तैवानच्या हवाई दलाने ट्रेनिंगसाठी तीच विमानं बांधली. पुस्तक जुनं आहे, छपाई साधी आहे, तरी हेच पहिलं.

ते वाचताना पेन्सिल हातात ठेव, नुसतं वाचू नकोस. समज तुझं विमान भरून ६०० किलो. नॉर्मल कॅटेगरीला, म्हणजे कसरती न करणाऱ्या साध्या विमानाला, जुन्या पार्ट २३ प्रमाणे (छोट्या विमानांचे अमेरिकन नियम) ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट लोड, त्यावर १.५ चा सेफ्टी फॅक्टर, म्हणजे ५.७, म्हणजे पंखांनी ३४२० किलो उचललं पाहिजे. एका बाजूला १७१०. पंखाचा पसारा टोकापासून टोकापर्यंत ८ मीटर धर, एक बाजू ४ मीटर, लोडचा मध्य मुळापासून साधारण १.७ मीटरवर, म्हणजे मुळाशी बेंडिंग मोमेंट, पंख वाकवणारा जोर, जवळजवळ २९०० (किलो गुणिले मीटर). आता स्पारची, म्हणजे पंखातल्या मुख्य आडव्या तुळईची, उंची धर १८ सेंटिमीटर, भाग त्याने, आणि तिच्या वरच्या-खालच्या कॅपमधे, म्हणजे कडेच्या पट्ट्यांमधे, प्रत्येकी १६ टन येतात! ६०० किलोच्या विमानात १६ टन. ढोबळ हिशोब आहे हा, पंखाचं स्वतःचं वजन मी वजा केलेलं नाही आणि शेपटीचा खाली दाबणारा लोड पण धरलेला नाही, पण एकदा हा आकडा स्वतःच्या हाताने काढलास की पातळ पंख दिसायला छान असले तरी महाग का पडतात ते कोणी सांगावं लागत नाही. आणि युनिट प्रत्येक ओळीला लिही. अमेरिकन पुस्तकं इंच-पाउंडात, तू शिकलीस मेट्रिकमधे, तिथे गडबड व्हायला वेळ लागत नाही.

एअरफॉइलसाठी, म्हणजे पंखाच्या छेदाच्या आकारासाठी, पैसेच घालवू नकोस. एनएसीए ('नाका', नासाच्या आधीची अमेरिकन संस्था) हिचा रिपोर्ट ८२४, १९४५ चा, नासाच्या साइटवर फुकट आहे. पुस्तक हवंच असेल तर अ‍ॅबट आणि फॉन डोनहॉफचं 'थिअरी ऑफ विंग सेक्शन्स', डोव्हरची पेपरबॅक स्वस्तात मिळते, त्यात तोच डेटा आहे. सेसना १७२ ह्या छोट्या विमानाच्या पंखाचा आकार, २४१२ नंबरचा, पण त्यातलाच. ग्राफ वाचताना एक बघ, गुळगुळीत मॉडेलचा कर्व्ह वेगळा असतो आणि खरखरीत केलेल्या मॉडेलचा वेगळा, आणि तुझ्या पंखावर रिव्हेट असणार, चिलटं चिकटणार, त्यामुळे खरखरीतवाल्याच्या भरवशावर राहा. शिवाय लँडिंगच्या वेगाला तुझा रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि पंखाची रुंदी ह्यांवरून निघणारा आकडा) २०-३० लाखांच्या आसपास येईल, ९० लाखांचा कर्व्ह बघून खूश होऊ नकोस.

आता बांधणीबद्दल, इथे मी जरा जास्त बोलणार कारण ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, विमानाचा सरकारी कारखाना) स्ट्रक्चर शॉपमधे आयुष्य गेलंय माझं. एफएएचं, म्हणजे अमेरिकन विमान-खात्याचं, दुरुस्तीच्या पद्धतींचं एसी ४३.१३-१बी फुकट पीडीएफ आहे, ते प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून घे, स्क्रीनवर ठेवू नकोस, हाताला ग्रीस लागलेलं असताना पान उलटता आलं पाहिजे. लाकूड, कापड, फायबर, धातू, केबल, वायरिंग सगळ्याची प्रकरणं आहेत, तू चौथं प्रकरण आधी वाच, धातूचं. एक अष्टमांश इंची रिव्हेट घे. भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत निदान दोन डायमीटर, म्हणजे पाव इंच. मागून डॉली (जड लोखंडी ठोकळा) लावून मारल्यावर मागचं डोकं दीड डायमीटर रुंद आणि अर्धा डायमीटर जाड, म्हणजे तीन सोळांश आणि एक सोळांश. रिव्हेटच्या डोक्यावर मधे बारीक खळगा दिसला तर तो एडी, विमानाचा नेहमीचा अ‍ॅल्युमिनियम रिव्हेट. पुढे कधी एखाद्या जुन्या विमानाजवळ गेलीस तर डोक्यांकडे बघ, एखाद्याभोवती काळं ओघळल्यासारखं दिसलं तर तो रिव्हेट ढिला झालाय, घासून धातूची पूड बाहेर येतेय. हे पुस्तकात असतं पण बोटाने पुसून बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. दोन पट्ट्या घे, दहा-बारा रिव्हेट मार, मग ड्रिल करून काढ, परत मार. तेवढं झाल्यावर टोनी बिंजेलिसची चार पुस्तकं, ईएएने (घरी विमान बांधणाऱ्यांची अमेरिकन संघटना) काढलेली, इंजिन बसवण्यापासून फ्युएल लाइन, कॅनोपी, सगळं चित्रं काढून समजावतो तो माणूस, ती मात्र विकतच घे. नवीन मिळाली नाहीत तर जुनी चालतील.

मग स्टिंटन, 'द डिझाइन ऑफ द एरोप्लेन'. टेस्ट पायलट होता तो, त्यामुळे विमान हातात कसं लागेल, स्टॉलला, म्हणजे वेग कमी पडून पंख उचलेनासा झाला की, कसं वागेल ह्याचा विचार त्याच्या पानापानात आहे आणि तो इतर इंजिनीअर लोकांच्या पुस्तकात इतका येत नाही. गुडमुंडसनचं 'जनरल एव्हिएशन एअरक्राफ्ट डिझाइन' सर्वात शेवटी. हजार पानांचा ऐवज आहे, अडलं की उघडायचा.

तुझ्या विचिटात तर सेसना-बीच ह्या विमान कंपन्यांतून रिटायर झालेली माणसं किती असतील, आणि ईएएच्या चॅप्टरमधे टेक्निकल काउन्सेलर असतात, ते फुकट येऊन तुझं काम बघतात. तिथे जा, लाजू नकोस, त्यांच्या कपाटात ही अर्धी पुस्तकं वाचायला मिळतील.

आणि हो, आपले डॉ. वि. मा. घाटगे जर्मनीत गटिंगेनला प्रांटल ह्या मोठ्या हवाई शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकून आले, एवढी मोठी थिअरी पाठीशी, आणि एचएएलमधे त्यांनी पुष्पक केलं, १९५८ ला उडालं, दोन सीटचं, कापड लावलेलं, फ्लाइंग क्लबच्या पोरांना शिकायला परवडेल असं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे. तुझं पहिलं विमान पण तसंच साधं असावं असं मला मनापासून वाटतं, आत दुमडणारी चाकं (रिट्रॅक्टेबल गिअर) वगैरे आत्ता नको.

तर पॅझ्मनी आणि ४३.१३ ह्या महिन्यात, बाकीचं नंतर. पैसे कमी पडत असतील तर सांग, पुस्तकांसाठी मी पाठवतो. स्पारचा वरचा हिशोब तुझ्या स्वतःच्या आकड्यांनी कर, पंखाचं वजन आणि शेपटीचा लोड धरून, आणि फोटो पाठव, रविवारी बसून तपासतो.

तुझा
बाबा