उपनेतेपदाच्या उमेदवारालाही प्रश्न विचारले जावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरुण मुले राजकारणापासून दूर चालली आहेत, अशी तक्रार आपल्या वाचकांच्या पत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. त्या तक्रारीत तथ्य नाही असे नाही. परंतु ज्या मुलांना आपण उदासीन समजतो त्यांतली काही जण संगणकावर एक अख्खी संसद उभी करून ती वर्षानुवर्षे चालवत आहेत, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. माझा एक माजी विद्यार्थी सध्या ब्रिटनमध्ये शिकतो आणि तिथल्या अशाच एका अभिरूप संसदेत भाग घेतो. अलीकडे तो आपल्या पक्षाच्या उपनेतेपदासाठी उभा राहिला, तेव्हा त्याने सदस्यांच्या प्रश्नांना दिलेली लेखी उत्तरे मला वाचायला पाठवली. ती वाचून जे मनात आले ते आपल्या पत्रातून मांडावे, असे वाटले.

आधी या प्रकाराची थोडी ओळख करून देते. रेडिट या संकेतस्थळावर २०१४ मध्ये ‘मॉडेल हाउस ऑफ कॉमन्स’ नावाची अभिरूप संसद सुरू झाली, आणि पुढे त्याच धर्तीवर इतर देशांच्याही संसदा निघाल्या. इथे भाग घेणारे लोक पक्ष स्थापन करतात, जाहीरनामे लिहितात, निवडणूक लढवतात, विधेयके मांडतात, पंतप्रधानांना प्रश्न विचारतात आणि प्रत्येक विधेयकावर मतदान करतात. मतदानासाठी काही दिवसांची मुदत असते, कारण कोणी नोकरी करणारा असतो, कोणाची परीक्षा असते. साधारण सहा महिन्यांनी सार्वत्रिक निवडणूक होते. सभागृहाचा अध्यक्ष असतो, कामकाजाचे नियम असतात, आणि कोणी कोणत्या विधेयकावर काय मत दिले याची नोंद सर्वांना पाहता येते. यातून प्रत्यक्षात एकही कायदा होत नाही, कोणाला मानधन मिळत नाही, लाल दिवा मिळत नाही. तरीही माणसे तासन्‌तास खपून अर्थसंकल्पाचे तक्ते तयार करतात.

अशा पक्षात उपनेत्याचे काम काय असते? नेता भाषणे करतो, वाटाघाटी करतो. उपनेता मतदानाची यादी सांभाळतो. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी कोणी मत दिलेले नाही हे पाहून एकेकाला निरोप धाडणे, नव्या सदस्याला विधेयकाचा मसुदा कसा लिहायचा हे शिकवणे, जाहीरनाम्याचा रखडलेला भाग पूर्ण करून घेणे, आणि नेता अचानक दिसेनासा झाला तर पक्ष हाकणे, ही सगळी कामे त्याच्याकडे येतात. प्रसिद्धी कमी आणि कष्ट अधिक असलेले हे पद आहे. म्हणूनच ते कोणाच्या हाती द्यायचे हे ठरवताना सदस्य फार बारकाईने विचारतात, असे मला त्या प्रश्नोत्तरांवरून दिसले.

रीत अशी असते: प्रत्येक उमेदवार प्रथम पानभराचे निवेदन देतो. त्यानंतर काही दिवस प्रश्नांसाठी राखून ठेवलेले असतात. पक्षाचा कोणताही सदस्य, कालच दाखल झालेला असला तरी, प्रश्न विचारू शकतो. उत्तर लेखी द्यावे लागते आणि ते सर्वांसमोर राहते. पहिलाच प्रश्न होता की नेता परीक्षेसाठी दोन आठवडे बाजूला झाला आणि नेमके तेव्हाच अर्थसंकल्पावर मतदान आले, तर तू काय करशील? माझ्या विद्यार्थ्याने उत्तर दिले की, प्रत्येक खासदाराला स्वतः निरोप पाठवीन आणि पक्षाची भूमिका आधीच लिहून ठेवीन. उत्तर बरे होते. पण प्रश्नकर्ता तेवढ्यावर थांबला नाही. त्याने मतदानाची जुनी नोंद उघडली आणि पुढे विचारले, गेल्या सत्रात तुझीच काही मते राहून गेली होती, मग दुसऱ्याला आठवण करून देण्याचा भरवसा आम्ही तुझ्यावर का ठेवावा?

हा उपप्रश्न मला फार मोलाचा वाटला. त्यात अपमान नाही, टोमणा नाही, उमेदवाराच्या घराण्याचा किंवा गावाचा उल्लेख नाही. आहे ती फक्त त्याने केलेल्या आणि न केलेल्या कामाची नोंद. विद्यार्थ्याला ते सत्र पुन्हा तपासावे लागले. कोणती मते राहिली, का राहिली, त्यानंतर आपण काय बदलले, हे त्याला तारखांसह लिहावे लागले. आपल्याकडे उमेदवाराला ‘विकासासाठी काय करणार’ असे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर कोणालाही, कोणत्याही पूर्वतयारीशिवाय देता येते. नोंद पुढे ठेवून विचारलेल्या प्रश्नाला तसे मोघम उत्तर चालत नाही.

दुसरा प्रश्न याहून अवघड होता. नेत्याने सदस्यांना न विचारता दुसऱ्या पक्षाशी आघाडीचा करार केला, तर उपनेता म्हणून तू जाहीर बोलशील की गप्प राहशील? माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे असे की, आधी पक्षाच्या बैठकीत विरोध नोंदवीन, ऐकले नाही तर पद सोडीन आणि मगच बाहेर बोलेन. त्याच्या प्रतिस्पर्धी उमेदवाराने नेमके उलट लिहिले: उपनेत्याला सदस्यांनी थेट निवडलेले असते, नेत्याने नेमलेले नसते, तेव्हा त्याची निष्ठा सदस्यांशी असली पाहिजे आणि त्यासाठी त्याला राजीनामा देण्याची गरज नाही. दोघांच्याही बाजूने सदस्यांनी लिहिले. मला स्वतःला प्रतिस्पर्ध्याचे उत्तर अधिक पटले, आणि तसे मी माझ्या विद्यार्थ्याला कळवलेही. थेट निवडून आलेल्या माणसाने मतभेद होताच पद सोडायचे असेल, तर ज्यांनी त्याला निवडले त्यांच्या मताला काय किंमत राहिली?

हा वाद अभिरूप संसदेपुरता नाही. ब्रिटनच्या मजूर पक्षात उपनेता स्वतंत्र निवडणुकीने ठरतो, त्यामुळे हाच प्रश्न तिथे खऱ्या राजकारणातही पुन्हा पुन्हा उभा राहिला आहे. १९८१ मध्ये पक्षाच्या उजव्या गटाच्या डेनिस हीली यांनी डाव्या गटाच्या टोनी बेन यांच्यावर एक टक्क्याहूनही कमी फरकाने मात करून उपनेतेपद राखले, तेव्हा ती लढत साऱ्या पक्षाच्या दिशेची लढत मानली गेली. १२ मे १९९४ रोजी नेते जॉन स्मिथ यांचे अकस्मात निधन झाले आणि त्याच दिवशी उपनेत्या मार्गारेट बेकेट यांच्याकडे पक्षाची धुरा आली. जुलैमध्ये टोनी ब्लेअर निवडून येईपर्यंत ती त्यांनीच वाहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये उपनेत्या अँजेला रेनर यांना घराच्या खरेदीवरील कर कमी भरल्याच्या प्रकरणात पद सोडावे लागले. रिक्त जागेसाठी उभे राहायचे तर पक्षाच्या खासदारांपैकी वीस टक्के, म्हणजे ८० जणांचे अनुमोदन आवश्यक होते आणि शेवटी दोनच उमेदवार उरल्या. ब्रिजेट फिलिपसन मंत्रिमंडळात होत्या. ल्युसी पॉवेल यांना नुकतेच मंत्रिमंडळातून वगळण्यात आले होते. आपण मंत्रिमंडळाबाहेर राहून पूर्णवेळ उपनेतेपद सांभाळू, असे पॉवेल यांनी सदस्यांना सांगितले आणि ऑक्टोबरमध्ये सुमारे ५४ टक्के मते मिळवून त्या निवडून आल्या. नेत्याच्या मंत्रिमंडळात असलेली व्यक्ती हवी की बाहेर राहून सदस्यांचे म्हणणे पोहोचवणारी हवी, हाच त्या निवडणुकीतला मुख्य प्रश्न होता. मतदान मात्र जेमतेम १६.६ टक्के झाले, हेही नमूद केले पाहिजे. सदस्यांना हक्क दिला म्हणजे ते तो बजावतीलच असे नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. दुय्यम पदावरील माणूस किती महत्त्वाचा ठरू शकतो याचा अनुभव महाराष्ट्राने अलीकडेच घेतला आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले आणि पुढे जवळजवळ दीड वर्ष ती जागा भरलीच गेली नाही. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ कामकाज पाहत होते. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, सोळा आमदारांना अपात्रतेच्या नोटिसा निघाल्या त्या उपाध्यक्षांच्या सहीने, आणि ज्यांच्यावर अविश्वासाची नोटीस आहे ते उपाध्यक्ष असा निर्णय करू शकतात का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ११ मे २०२३ च्या घटनापीठाच्या निकालापर्यंत राज्यातील शाळकरी मुलेही उपाध्यक्षांच्या अधिकारांविषयी बोलू लागली होती. ज्या दिवशी झिरवाळ त्या पदावर निवडले गेले त्या दिवशी मात्र, अध्यक्ष नसताना तुम्ही काय कराल, असे त्यांना विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. हा दोष त्या व्यक्तीचा नाही. तो आपल्या सवयीचा आहे.

लोकसभेची स्थिती तर याहून चिंताजनक. संविधानाच्या अनुच्छेद ९३ मध्ये अध्यक्षांबरोबरच उपाध्यक्षांचीही निवड होईल तितक्या लवकर करावी असे म्हटलेले असताना सतराव्या लोकसभेने आपली पूर्ण मुदत उपाध्यक्षाविना काढली. उपमुख्यमंत्रिपदाचा तर संविधानात उल्लेखही नाही. महाराष्ट्रात १९७८ मध्ये नासिकराव तिरपुडे यांच्या रूपाने ते पद आले तेच आघाडीची गरज म्हणून, आणि आजही ते पक्षांच्या वाटाघाटींतूनच ठरते. कोणत्या पक्षाला कोणते खाते, याची चर्चा आपण महिनाभर करतो. या पदावर बसणाऱ्याने मुख्यमंत्र्यांशी मतभेद झाल्यास काय करावे, हे त्याच्या पक्षाच्या सामान्य कार्यकर्त्याने त्याला विचारले आहे, असे माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.

आता शाळा-महाविद्यालयांकडे वळते, कारण माझे काम तिथे आहे. केंद्र सरकारची युवा संसद योजना १९६६ पासून चालू आहे आणि तिचा हेतू उत्तम आहे. परंतु स्पर्धेसाठी संसद बसवताना बहुतेक ठिकाणी प्रश्न आधी लिहिले जातात, उत्तरेही लिहिली जातात, मंत्री झालेला विद्यार्थी ती पाठ करतो आणि विरोधी पक्षनेता ठरलेल्या वाक्यावर बाक वाजवतो. परीक्षकांना सफाई दिसते, मुलांना सभाधीटपणा येतो. अनपेक्षित प्रश्न मात्र कोणालाच येत नाही. महाविद्यालयांतील थेट निवडणुका महाराष्ट्रात नव्वदच्या दशकात हिंसाचारामुळे बंद झाल्या. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली, तरी वर्गातून उभे राहून मते मागण्याचा अनुभव आजच्या बहुतेक विद्यार्थ्यांना मिळालेला नाही. मग ज्यांना राजकारणाची आवड आहे ती मुले एक तर कोणा पुढाऱ्याच्या मागे फलक धरून उभी राहतात, नाही तर माझ्या विद्यार्थ्यासारखी दुसऱ्या देशाच्या आभासी संसदेत जाऊन आपली हौस भागवतात. त्याला ब्रिटनच्या गृहनिर्माण अनुदानाची कलमे तोंडपाठ आहेत. महाराष्ट्राच्या विधानसभेत लक्षवेधी सूचना कशी मांडतात हे त्याला अनुभवाने माहीत व्हावे, अशी सोय आम्ही त्याला इथे दिली नव्हती.

या आभासी संसदांचे दोष मला दिसत नाहीत असे नाही. तिथे बहुतेक जण टोपणनावाने वावरतात. त्यामुळे ‘हा कोणाचा मुलगा, कोणत्या समाजाचा’ हा प्रश्न गळून पडतो, हा मोठाच लाभ. पण एकाच माणसाने दोन नावांनी मत देण्याचा धोकाही असतो आणि त्यासाठी नियामकांना सतत जागरूक राहावे लागते. अभ्यास बाजूला पडतो, ही पालकांची काळजी खरी आहे. भाषा घसरण्याचे प्रसंगही येतात. आणि सत्ता खरी नसल्याने तत्त्वनिष्ठ उत्तर देणे सोपे जाते, हा आक्षेप तर सर्वांत वजनदार आहे: ज्याच्याकडे गमावण्यासारखे मंत्रिपदच नाही त्याने राजीनाम्याची भाषा केली तर त्यात विशेष ते काय? तरी माझे म्हणणे असे की, उत्तर देण्यापेक्षा प्रश्न विचारण्याची सवय इथे अधिक लागते, आणि ती खऱ्या राजकारणातही जशीच्या तशी उपयोगी पडते. तो उपप्रश्न विचारणारा मुलगा उद्या आपल्या नगरपालिकेत गेला, तर प्रथम सभेची इतिवृत्ते मागवील.

म्हणून माझी आपल्याला आणि आपल्या शिक्षक-वाचकांना एक विनंती आहे. एखाद्या जिल्ह्यातील पाचसहा महाविद्यालयांनी मिळून मराठीत अभिरूप विधानसभा चालवावी. २८८ जागा भरण्याची गरज नाही. चाळीस-पन्नास मुले पुरेत. कामकाज विधानसभेच्या नियमांनुसार व्हावे, मतदान नोंदवलेले व सर्वांना पाहता येईल असे असावे, आणि नेत्याबरोबर उपनेत्याचीही स्वतंत्र निवडणूक होऊन त्याआधी किमान तीन दिवस खुली प्रश्नोत्तरे व्हावीत. प्रश्न शिक्षकांनी तपासू नयेत, फक्त भाषेची मर्यादा पाळली जाते की नाही एवढे पाहावे. आपल्या पत्राच्या जिल्हा पुरवणीत त्यांतील निवडक प्रश्न व उत्तरे छापून आली, तर मुलांना आपले लिहिणे कोणीतरी वाचते याची खात्री पटेल. नियमावलीचा मराठी मसुदा तयार करण्याचे काम मी आनंदाने करीन; माझ्या विद्यार्थ्यानेही त्यात मदत करण्याचे कबूल केले आहे. तो ती निवडणूक थोडक्या मतांनी हरला. सध्या नव्या उपनेत्याच्या हाताखाली मतदानाच्या याद्या तोच ठेवतो.

कळावे,
आपली विश्वासू,
राज्यशास्त्राची एक शिक्षिका, सातारा