लग्न ठरले म्हणून तारा काढायच्या?

महोदय,

माझ्या मुलीच्या दातांना तारा आहेत आणि लग्न मार्गशीर्षात. ‘फोटोत बरं दिसत नाही, काढून टाका,’ हा सल्ला आत्याबाईंपासून मेंदीवालीपर्यंत सगळ्यांनी दिला. हे उपचार साधारण दीड-दोन वर्षे चालतात. मध्येच सोडले तर भोवतालचे हाड आणि हिरडीचे तंतू स्थिरावलेले नसल्याने दात जुन्या जागेकडे सरकू लागतात. म्हणून तर तारा निघाल्यावरही रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारे साधन, घालावा लागतो.

तारीख ठरताच आम्ही डॉक्टरांना सांगितले. तार दातांवर धरून ठेवणारी पारदर्शक रबरे हळदीच्या आमटीने पिवळी पडतात, म्हणून कार्याआधी ती बदलून बारीक स्टीलच्या तारेने बांधणार. तार घट्ट करण्याची भेटही आठवडाभर आधी, म्हणजे दुखणे तोवर ओसरते. रुखवतातली चिक्की आणि डिंकाचे लाडू मात्र तिला वर्ज्य. त्यावरून घरात रुसवा चालू आहे!

मुलाकडच्यांनी तारांचा विषयही काढला नाही. घाई आहे ती आमच्याच नातलगांना. नवऱ्या मुलाच्या दातांना तारा असत्या, तर कुणी असा सल्ला दिला असता का?

— एका वधूची आई, मिरज